रिमोटच्या गाडीची चिरचिर

आमच्या यजमानांची गावातली सगळी इज्जत त्यांच्या कानात होती. शेत जेमतेम, उंची बेताची, आणि बोलणं इतकं तुटक की पाहुण्यांना वाटायचं, आपलं येणं यांना आवडलेलं दिसत नाही. पण कान! कुरुंद्यात आमची पिठाची गिरणी होती, घराला लागूनच. हे घरात ताटावर बसून गिरणीत काय चाललंय ते सांगायचे. घास हातात तसाच धरून म्हणायचे, "पट्टा ढिला झाला." नाही तर, "दगडाला टाकी लावाया झाली." जाऊन पाहावं तर पट्टा खरंच ढिला, नाही तर दगड झिजून गुळगुळीत झालेला निघायचा. कुणाची पाण्याची मोटर, कुणाचं थ्रेशर, कुणाची लुना कुरकुरायला लागली की माणूस आधी आमच्या दारात. हे एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन जायचे, त्याचं टोक मशीनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ बाकीच्यांनी श्वाससुद्धा बेतानंच घ्यायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, आपल्याला फसवून डॉक्टरला दिलं की काय.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. आमचा तालुका परभणीतून निघून हिंगोली जिल्ह्यात आला होता, तरी पत्ता लिहिताना हात अजून परभणीकडंच वळायचा. माझा धाकटा भाऊ पुण्याला कारखान्यात होता. पाडव्याला तो आला तो भाचीसाठी रिमोटवर चालणारी लाल गाडी घेऊन. पोरगी तेव्हा पाचवीत. तिनं खोका उघडला आणि त्यानंतर बराच वेळ तिला जेवणखाण, अंघोळ, मामा, काही म्हणता काही दिसेना.

गाडी चालवायची तर सासूबाई आडव्या आल्या. "नवी गाडी हाय. पूजा न्हाई, काही न्हाई, अन् तशीच चालवता व्हय?"

"आत्याबाई, खेळणं आहे ते," मी म्हणाले. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात.

"चाकं हायेत ना त्याला? मग गाडीच."

तर गाडीला हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या, झेंडूचं एक फूल टपावर बसलं. नारळ फुटला. मग सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, ट्रॅक्टरखाली ठेवतात तसं. आता ती गाडी वीतभर आणि लिंबू चांगलं रसरशीत. पोरीनं बटण दाबलं, गाडी लिंबावर चढली आणि उलटी पडली. चारही चाकं वर करून गरगर फिरवत राहिली. माझा भाऊ हसून हसून भिंतीला टेकला. हेसुद्धा हसले. सासूबाई हसल्या नाहीत. न चिरडलेलं लिंबू त्यांनी पदराखाली घेतलं आणि कमरेच्या चाव्या खुळखुळवत आत गेल्या.

त्या चाव्यांबद्दल सांगायला हवं. कोठीच्या, कपाटाच्या, आणि कुठल्या कुलपाच्या ते त्यांनाही ठाऊक नसलेल्या, अशा चाव्यांचा एक जुडगा त्यांच्या कमरेला कायम असायचा. बारीक किणकिण यायची. ती किणकिण ऐकू आली की मी दुपारी आडवी झालेली असले तर उठून बसायची आणि समोरचं सूप हातात घ्यायची. त्या जुडग्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पाडव्याचे दिवस म्हणजे आमच्याकडं हळदीचे दिवस. शिजवलेली हळद अंगणभर वाळत पडलेली, आणि तिच्यामधून वाट काढत ती लाल गाडी पळायची. लाईट असली की गिरणी चालायची आणि गाडीची बॅटरी चार्ज व्हायची, लाईट गेली की गिरणी बंद आणि गाडी सुरू. लाईट जायची वाट पाहणारं आमच्या गल्लीत एकच घर असेल. दळण घेऊन आलेल्या बायकाही गाडी बघत बसायच्या. सासूबाईंचं त्या गर्दीकडं बारीक लक्ष होतं.

थोड्याच दिवसांत गाडीतून आवाज यायला लागला. चिर्र, चिर्र, चिर्र. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, मधे भिंत होती, तरी मला ऐकू आला. दातावर वाळू आल्यावर जसं होतं तसं व्हायचं तो ऐकून. पोरगी गाडी उचलून यांच्याकडं गेली.

"बाबा, गाडी आवाज करून राहिली."

यांनी गाडी हातात घेतली. तिनं बटण दाबलं. चिर्र, चिर्र. हे डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बराबर आहे की. मोटर आहे, तेवढा आवाज येतोच."

"तो न्हाई, दुसरा."

"दुसरा कोणता? न्हाई दुसरा."

मी लाटणं घेऊन तशीच बाहेर आले. आपल्याकडं आलेल्या मशीनला काही झालेलं नाही असं यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी चांगल्या चाललेल्या मशीनमध्येही काहीतरी खोट काढून द्यायचे ते.

दुसऱ्या दिवशी पोरगी परत गेली. आता यांनी पेचकस काढलं. टोक गाडीवर, मूठ कानाला, डोळे बंद. सगळे गप्प. चिर्र चिर्र एवढी स्पष्ट की दळणाला आलेल्या म्हातारीनंही मान वळवली. हे डोळे उघडून म्हणाले, "ग्रीस कमी पडून राहिलं." आणि गिरणीच्या बेअरिंगचं ग्रीस बोटभर घेऊन गाडीच्या पोटात कोंबलं. गिरणीला जेवढं लागतं तेवढं. गाडी पिठातून गेली, हळदीतून गेली, आणि त्या ग्रीसला सगळं जाऊन चिकटलं. संध्याकाळी मी खालून बघितलं तर दातेरी चाकांमध्ये पुरणच तयार झालं होतं. आवाज होता तसाच, उलट वाढलेला.

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. कुकरची शिट्टी झाली तरी हे विचारायचे, "झाला का भात?" दाराशी सायकलची घंटी वाजवून वाजवून पेपरवाला कंटाळायचा. आणि घरातल्या बायका हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, ही यांची नवी तक्रार होती. मी ती भांडणाची तक्रार समजून तशीच भांडत होते! पट्ट्याचा धपधप आवाज, दगडाची घरघर, ते सगळं यांना अजून नीट यायचं. पण जे बारीक, ते गेलं होतं. इतकी वर्षं त्या गिरणीच्या खोलीत उभं राहून गेलं होतं.

मग मला वसमत रोडची एक गोष्ट आठवली. हे लुनावर, मी मागं बसलेली. शेताच्या वाटेला वळायला यांनी लुना आडवी घातली आणि मागून एक मोटारसायकल अगदी घासून गेली. तिचा पिपाणीसारखा हॉर्न मी केव्हाची ऐकत होते. मला वाटलं, यांनाही ऐकू येतोय. तो माणूस पुढं जाऊन थांबला आणि यांना नको नको ते बोलला. हे म्हणाले, "हॉर्न न वाजवता येऊन राहिलेत साले." तेव्हा मीही त्यालाच दोष दिला होता.

मी सरळच बोलले. मला आडून बोलता येत नाही. "अहो, तुमाला बारीक आवाज येत न्हाई. नांदेडला कानाच्या डॉक्टरला दाखवू."

"माझ्या कानाला काय धाड भरली?"

"गाडी केव्हाची चिरचिर करून राहिली, सगळ्या गल्लीला ऐकू येते."

"गल्लीचे कान बिघडले असतील."

एवढं बोलून ते गिरणीत गेले आणि संध्याकाळपर्यंत फक्त गिऱ्हाइकांशी बोलले. मला राग आला होता, पण त्यांच्या पाठीकडं बघून वाईटही वाटत होतं. ज्या माणसाला सगळा गाव ऐकायला बोलावतो, त्यानं 'मला ऐकू येत नाही' हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यांना त्यांच्या नावाची भीती होती आणि मला त्या वसमत रोडची. दोघंही आपापली भीती धरून बसलो होतो आणि मधे ती गाडी चिरचिरत होती.

कोंडी फोडली ती पोरीनं. एका दुपारी लाईट गेलेली, गिरणी बंद, सगळीकडं शांत. ती गाडी काखेत घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, मी गाडी हिंगोलीला पाठवू का? मैत्रिणीचे काका जाऊन राहिले. तिथं रेडिओ दुरुस्तीवाला आहे."

हे बसल्या जागी ताठ झाले. "गिरणीवाल्याच्या घरची गाडी हिंगोलीला दुरुस्तीला? लोक काय म्हनतील? आण इकडं. पोतं अंथर."

ओट्यावर पोतं अंथरलं गेलं. मी समोर गहू निवडत बसले. सासूबाई कोपऱ्यात हळकुंडांची मुळं काढत होत्या. यांनी पेचकस हातात घेतलं, पण या वेळी कानाला लावलं नाही. नुसतं बोटांत फिरवत राहिले. पोरगी त्यांच्याकडं बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमाला तो आवाज येतच न्हाई ना?"

तिचं ते हळू बोलणं मला पलीकडं ऐकू आलं. हातभर अंतरावर बसलेल्या यांना आलं नाही. "काय म्हनलीस?" त्यांनी विचारलं.

पोरीनं परत विचारलं नाही. तिनं त्यांचं बोट धरलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला, चाकाजवळ ठेवलं. दुसऱ्या हातानं बटण दाबलं. मी गहू निवडायचं थांबवलं. यांनी सवयीनं डोळे मिटले. आणि थोड्या वेळानं त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटायला लागला. मशीनमधली खोट सापडल्यावर व्हायचा तसा.

"थरथर आहे," ते म्हणाले. "सारखी न्हाई. चाक एकदा फिरलं की एकदा. कायतरी आडतंय."

"मग मी आवाजाचं सांगते, तुमी थरथरीचं सांगा," पोरगी म्हणाली.

मग जे चाललं ते बघायला गाव यायला हवं होतं. यांचं काम एकदम शिस्तीचं. "आधी रिकामी चालव," म्हणाले. गिरणीतही ते असंच करायचे, धान्य न टाकता आधी नुसतं फिरवून बघायचे. पोरीनं गाडी हवेत धरली, चाकं अधांतरी.

"येतो का आवाज?"

"येतो."

"म्हणजे जमिनीचा दोष न्हाई. आता पुढची चाकं हातानं फिरव."

"न्हाई येत."

"बराबर. मोटर मागच्या चाकांना आहे. आता मागचं उजवं धरून ठेव, डावं सोड."

"येतो, येतो! जास्ती येतो!"

"आता डावं धर."

"बंद झाला."

यांनी डावं चाक बोटानं हळूहळू फिरवलं. तिथंच कुठंतरी ते जड होत होतं. "मोटर चांगली आहे. दाते चांगले आहेत. या चाकाच्या मागंच आहे जे काय आहे ते." पोरगी मान डोलावत होती आणि मधूनमधून हुकूमही सोडत होती, "दाबू नका, हळू." यांना असं दटावायची हिंमत तोवर घरात कुणाची नव्हती. मी तर गहू निवडायचं नाटकही सोडून दिलं होतं.

चाकाचा स्क्रू निघाला. चाक ओढलं तर येईना. आत ग्रीस, पीठ आणि हळदीचा घट्ट पिवळा गोळा. यांनी माझ्याकडून केसातली पिन मागून घेतली आणि गोळा कोरायला लागले. पिनेला एक टोक लागलं. ओढलं तर लांबत चाललं, लांबत चाललं. काळा दोरा. तो संपला तर खाली दुसरा. त्याच्याखाली आणखी एक, गाठी मारलेला. दांड्याभोवती फिरून फिरून असा आवळला होता की चाक फिरलं की त्यावर घासायचंच.

"हा दोरा आला कुठून?" यांनी विचारलं.

कोपऱ्यातली चाव्यांची किणकिण एकदम थांबली. सासूबाई अगदी मन लावून एकाच हळकुंडाची मुळं काढत होत्या, आणि त्या हळकुंडाला मुळं नव्हतीच.

"आई?"

"माझ्याकडं काहून पाहता?"

मग त्यांनाच राहवेना. "मग काय करू? लिंबू चिरडलं न्हाई, गाडी उलटी पडली, पहिल्याच दिवशी! त्याच्यात गावच्या बाया येऊन डोळे फाडून पाहून राहिल्या. शनिवारी चाकामागं एक दोरा बांधला. तर त्याच्यानंतर ती रडायलाच लागली चिरचिर. मंग मी म्हनलं, दृष्ट लईच मोठी हाय. मंग दर शनिवारी बांधला."

"आवाज येऊ लागला म्हणून आणखी दोरे बांधले?" मी विचारलं.

"मंग? आवाज वाढून राहिला होता ना!"

"अवो आत्याबाई, सांगायचं तरी."

"सांगितलं की गुण जातो," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं.

पोरगी पोत्यावर लोळून हसत होती. मला हसू आवरेना. हे हसले नाहीत. त्यांनी रॉकेलच्या चिंधीनं दांडा पुसला, दाते जुन्या ब्रशनं साफ केले, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला, चाक बसवलं, स्क्रू आवळला. मग गाडी ओट्यावरून खाली ठेवली आणि पोरीला खूण केली.

गाडी सुटली. अंगणातून हळदीच्या कडेकडेनं, वळून परत. नुसती मोटरची गुणगुण. चिरचिरीचा मागमूस नाही.

पण यांना हे कसं कळणार? जो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, तो बंद झाला हे त्यांना कोण सांगणार? ते गाडीकडं बघतच नव्हते. पोरीच्या तोंडाकडं बघत होते. सगळ्यांसमोर, आईसमोर, माझ्यासमोर, आणि दळणाचा डबा घेऊन दारात एक बाई उभी होती तिच्याही समोर, त्यांनी विचारलं, "गेला का गं आवाज?"

"गेला, बाबा."

"पार गेला?"

"पार."

त्यांनी पेचकस पुसून खिशात ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "नांदेडची गाडी सकाळी कितीला असती?"

मी बोलले असते तर काहीतरी टोमणाच गेला असता माझ्या तोंडून, सवयच तशी. गव्हाचं सूप घेऊन आत गेले आणि डोळे पुसले.

नांदेडच्या डॉक्टरनं तपासून कानामागं बसवायचं मशीन दिलं. ते लावून आल्यावर पहिले काही दिवस या माणसानं घर डोक्यावर घेतलं. दाराची बिजागरी वाजते. पापड कुणी एवढा कुरकुर खातं का. पंखा असा होता का आधीपासून. गिरणीत गेले आणि लगेच बाहेर आले, "ते वरचं बेअरिंग केव्हाचं शिट्टी मारून राहिलं, कुणी सांगितलं न्हाई मला!" त्या संध्याकाळी बेअरिंग बदललं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी स्वयंपाक करताना त्यांच्याबद्दल जे पुटपुटत असे ते त्यांना आता कळायला लागलं. इतक्या वर्षांची माझी मोकळीक गेली. गावातले लोक पहिल्यांदा मशीनकडं बघायचे, मग सवय झाली. बोलावणी थांबली नाहीत. आता हे जाताना कधीकधी पोरीला बरोबर न्यायचे, आणि बिघडलेल्या मोटरवर पेचकसाच्या आधी बोट ठेवायचे.

असाच एक शनिवार आला. हे ओट्यावर दाराकडं पाठ करून चहा पीत बसले होते. मी आतून बघितलं तर सासूबाई त्यांच्यामागं पाऊल न वाजवता चालल्या होत्या. एका हातात काळा दोरा. कानामागच्या त्या मशीनला बाया डोळे फाडून बघतात, हे त्यांच्या मनाला लागलं असणार. दुसऱ्या हातानं त्यांनी कमरेच्या चाव्या मुठीत घट्ट धरल्या होत्या. तरी एक चावी सुटली, आणि अगदी बारीक, किण्ण झालं. मलाच कसंबसं ऐकू आलं.

"आई," हे न वळता म्हणाले, "कानाला नको बांधू. चिरचिर करंल."

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांच्या हातातल्या चाव्या सुटल्या आणि सगळ्या एकदम वाजल्या. यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि उजवा हात तसाच मागं केला. "हाताला बांध."

सासूबाईंनी दोरा मनगटाभोवती घेतला, पण गाठ काही बसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मग मी पुढं झाले आणि गाठ मारली. चांगली घट्ट मारली.